ट्रॉली जोडून घाट चढायचा अन् उतरायचा कसा: ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी सगळं सविस्तर

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातले रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, आष्टी, कुठलाही तालुका घ्या, मुकादमाची (टोळी ठरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात अन् अख्खा संसार ट्रॉलीत चढलेला असतो. ज्वारीची पोती, चुलीची तवली, कोपीचे म्हणजे झोपडीचे बांबू, पाण्याच्या टाक्या, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी अन् लेकरं सगळं त्यातच. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे नवरा-बायको धरून वीस माणसं, वर लेकरं वेगळी. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक जिकडं जायचं तिकडं जा, पण आपला मुलूख बालाघाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याला वसलेला हाय, त्यामुळं निघताना नाहीतर परत येताना कुठंतरी घाट लागतोच. मी १४ सीझन ट्रॅक्टर घेऊन जातोय, नवीन पोरं दरसाल तेच तेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय, लांबलंय पण निघायच्या आधी पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी एक हिशोब डोक्यात पक्का बसवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच हाय. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन सव्वादोन टनाचा असतो. त्याच्यामागं भरलेली ट्रॉली धरली तर सगळं मिळून सहज १२ टन होतंय. आता १२ फूट पुढं गेलं की १ फूट खाली जातो असा उतार असला, तर या १२ टनातला १ टन तुम्हाला सतत खाली ढकलत असतो, थांबत नाही, दमत नाही. आणि ब्रेक कुणाला आहेत? आपल्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, ट्रॉलीला तर बहुतेकदा काहीच नसतं. म्हणजे १२ टन दोन चाकांनी धरायचे. सपाटीला हे कळत नाही कारण तिथं ट्रॉली ओढावी लागते, घाटात उतरताना तीच ट्रॉली मागून धक्का मारते, आपल्याकडं म्हणतात ट्रॉली अंगावर आली.

म्हणून मी सांगतो ते एवढंच, घाट ब्रेकवर उतरत नसतो, गिअरवर उतरतो, आणि तो गिअर कुठला हे वर, सपाटीलाच ठरवावं लागतं. उतार लागल्यावर ठरवायला वेळ मिळत नाही.

निघायच्या आठ दिवस आधी

ब्रेकपासून सुरुवात करा. ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेकपेडल वेगळे असतात, शेतात वळायला ते वेगळे लागतात, पण रस्त्यावर ते दोन्ही जोडणारी पट्टी लावलेलीच पाहिजे. ही पट्टी कितीतरी ट्रॅक्टरवर गंजून लटकत असते नाहीतर तुटून कधीच पडलेली असते. पट्टी नसताना घाईत पाय एकाच पेडलवर पडला की एकच चाक थांबतं, ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा करते. वेल्डिंगवाल्याकडून पट्टी करून घ्यायला फार खर्च येत नाही, आधी ती करा. मग रिकाम्या ट्रॅक्टरवर मोकळ्या रस्त्याला पंधराच्या स्पीडनं जाऊन दोन्ही ब्रेक दाबून बघा, एका बाजूला ओढला तर दोन्ही पेडलची ढिलाई सारखी नाही, मिस्त्रीकडून सारखी करून घ्या. ऑइलमधले ब्रेक असले तर तेलाची पातळी अन् तेल कधी बदललं ते बघा, कोरडे ब्रेक असले तर प्लेटा उघडून बघायला लावा, बाहेरून काही कळत नसतंय.

त्यानंतर जोड. ट्रॉलीच्या दांडीचं भोक अन् ट्रॅक्टरचा हुक दोन्ही हाताचं बोट फिरवून बघा, घासून लांबट झालंय का, कडेला चीर गेलीय का. पिन गोल पाहिजे, मध्ये कंबर बारीक झालेली पिन सरळ भंगारात टाका. पिनला खालून क्लिप पाहिजेच, तार गुंडाळून भागवायचं नाही. आणि साखळी. दांडीपासून ट्रॅक्टरच्या चेसीपर्यंत जाड साखळी दोन्ही बाजूनं, दांडीखालून एकमेकींना ओलांडून बांधायची, म्हणजे पिन निघालीच तर दांडी साखळीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणाला पुरंल एवढी ढिली ठेवा पण जमिनीला घासंल एवढी नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दुसऱ्या जोडालाही हेच सगळं, तिथं तर जास्तच, कारण तिथलं काही सुटलं तर ड्रायव्हरला पत्ताच लागत नाही.

ट्रॉली कायम ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडायची. ओढ जितकी वरून, तितकं ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, चढावर तर लगेच. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडाच्या, जागेला साखळी लावून ओढताना ट्रॅक्टर मागं उलटलेले मी बघितलेत, ड्रायव्हरला उडी मारायला सुद्धा वेळ मिळत नाही. पुढच्या बंपरला वजनं असतील तर काढू नका, नसतील अन् कायम घाटाचं काम असंल तर बसवून घ्या.

बाकी पटापट सांगतो. चाकाचे नट पान्यानं आवळा, हबला ग्रीस, पाट्यांचे बोल्ट, टायरची हवा कंपनीच्या पुस्तकात रस्त्याच्या कामाला जेवढी दिलीय तेवढी, शेतातल्या कमी हवेवर भरलेली ट्रॉली घेऊन घाटात वळू नका, टायर डुलतो. रेडिएटरची जाळी कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करा, पंख्याचा पट्टा बघा, एअर फिल्टर साफ करा. मागं लाल दिवे, इंडिकेटर अन् रेडियम दोन्ही ट्रॉल्यांना, आणि ते रेडियम उसाच्या वाढ्यानं किंवा ताडपत्रीनं झाकलं जात नाही ना हे भरल्यावर मागं जाऊन बघा. ट्रॉलीचं पासिंग आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, तो पण बघून घ्या.

ज्यांना नवी ट्रॉली करायची आहे त्यांनी ब्रेकवाली ट्रॉली घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. एअर ब्रेक किंवा हायड्रॉलिक ब्रेकची ट्रॉली बनवून मिळते, पैसे जास्त जातात, पण वर सांगितलेला १ टनाचा धक्का मग ट्रॉलीचीच चाकं धरतात.

भरती कशी करायची

दोन चाकाच्या ट्रॉलीत वजन कुठं ठेवलं यावर निम्मा घाट अवलंबून असतो. जड सामान, म्हणजे ज्वारी-बाजरीची पोती, भांड्यांच्या गोण्या, चुलीचे दगड हे तळाला आणि चाकाच्या थोडं पुढं. एकूण वजनातला साधारण दहावा हिस्सा दांडीवर यावा, मग ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर बसते आणि चाकाला पकड मिळते. मागं जास्त भरलं की दांडी वर उचलायला बघते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर त्याच चाकांना आहेत, मग ब्रेक लागतो पण चाक नुसतं घसरत जातं. शिवाय मागं जड ट्रॉली उताराला शेपूट हलवते, डावी-उजवी. एकदा ती हलायला लागली की थांबवणं अवघड. उलट सगळंच पुढं रेटलं तर दांडीवर एवढा भार येतो की चढावर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टेअरिंग ऐकत नाही.

हलकं सामान वर, ताडपत्री टाकून दोर आवळून. बांबू मागं लोंबत ठेवायचे असतील तर टोकाला लाल कापड. गॅसची टाकी असली तर रेग्युलेटर काढून उभी बांधा. शेळ्या आखूड दाव्यानं बांधा, नाहीतर वळणावर सगळ्या एका बाजूला जातात.

आता माणसांचं. हे मी मोठ्या आवाजात सांगतोय असं समजा. कायद्यानं ट्रॉलीत माणूस बसवता येत नाही, आणि ट्रॉलीत बसलेल्याला काही झालं तर विम्याचा दावा मिळणं लई अवघड. तरी आपल्याकडं बसवतात, कारण दुसरी सोय करायला मुकादम पैसे देत नाही अन् टोळीवाला मागत नाही. मागा. उचलीचा व्यवहार ठरतानाच जायच्या भाड्याचं बोला. बाया-लेकरं अन् म्हाताऱ्यांना एसटीनं पाठवा, २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर पूर्ण फुकट, कर्नाटकात जायचं असंल तरी आपल्या हद्दीपर्यंतचा प्रवास स्वस्तात होतो. तेवढंही होत नसंल तर निदान घाटापुरतं तरी सगळ्यांना जीपमध्ये बसवा. पाळण्यातलं लेकरू पोत्यावर झोपवून घाट उतरवायचा नाही, काही झालं तरी नाही.

मडगार्डवर पण कुणी नको. ट्रॅक्टरवर एकटा ड्रायव्हर, बस.

वेळ अन् रस्ता

घाट दिवसा पार करायचा, आणि सकाळी ७ ते १० सगळ्यात बरं. रात्री दिवे नसलेली ट्रॉली मागच्या गाडीवाल्याला दिसतच नाही, ऊसाच्या सीझनमध्ये रात्रीचे जेवढे अपघात ऐकू येतात त्यातले कितीतरी उभ्या ट्रॉलीला मागून धडकल्याचे असतात. थंडीत पहाटे घाटात धुकं असतं, तेव्हा पायथ्याला किंवा माथ्यावर थांबून चहा घ्या, धुकं उठू द्या.

आपल्या भागातले घाट वेगवेगळ्या स्वभावाचे आहेत. माजलगाव-तेलगावकडून धारूरला चढणारा घाट अरुंद, वळणं आवळ, समोरून मोठी गाडी आली की दोघांनी श्वास धरायचा, आणि खामगाव-पंढरपूर रस्त्यावरच असल्यामुळं रहदारी भरपूर. मांजरसुंब्याचा घाट चौपदरी, तिथं वळणापेक्षा मागून जोरात येणाऱ्या ट्रक अन् ट्रॅव्हल्सची भीती जास्त, डावी पट्टी सोडायची नाही. पाटोद्याकडून जामखेडला जाताना सौताड्याचा घाट आहे, येडशीला रामलिंगाच्या बाजूला आहे. कन्नडच्या औट्रम घाटात २०२३ पासून जड वाहनांना हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं बंदी आली, तिकडून चाळीसगावला जायचं असंल तर निघायच्या आधी कन्नडलाच चौकशी करून मग ठरवा. नवीन घाट असंल तर एकदा मोटरसायकलवर जाऊन बघून या. कुठं चढ सुरू होतो, कुठं गाडी बाजूला घ्यायला जागा आहे, कुठल्या वळणाला कठडा नाही. यात अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

आणि दोन ट्रॉल्या असतील तर घाटात एकेकच न्या. माथ्याला किंवा पायथ्याला रुंद जागा बघून एक सोडा, चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा, एक माणूस तिथं बसवा, दुसरी नेऊन या. तास-दीड तास जातो. लोकं म्हणतात बाकीचे तर दोन्ही नेतात, नेतात, मला माहीत आहे. दुसऱ्या ट्रॉलीचा धक्का पहिल्या ट्रॉलीतून येतो आणि पहिली मध्येच वाकडी होते, ड्रायव्हरच्या हातात तेव्हा काहीच उरत नाही. ऊस भरलेला असताना तर याला पर्यायच नाही.

चढताना

चढ सुरू व्हायच्या शंभर-दोनशे फूट आधी थांबा आणि जो गिअर शेवटपर्यंत टिकंल असं वाटतंय तो टाका. आपल्या बऱ्याच ट्रॅक्टरचा गिअर चालत्या गाडीत पडत नाही, कारसारखं चढावर एक गिअर कमी करू असं होत नाही. क्लच दाबला त्या क्षणाला ओढ संपते, ट्रॉली थांबते अन् मागं जायला लागते. म्हणून शंका असली तर एक खालचाच टाका. लो रेंजचा तिसरा की चौथा, का हाय रेंजचा पहिला, हे तुमच्या ट्रॅक्टरवर अन् भरतीवर आहे, पण मधल्या रेसवर इंजिन न दबता, जास्तीचा काळा धूर न काढता ओढतंय तो गिअर बरोबर. धूर अन् आवाज जड झाला तर गिअर वरचा पडलाय.

क्लचवर पाय ठेवून चालवायचं नाही. अर्धा क्लच धरून चढवलं की प्लेट जळते, आधी वास येतो मग ओढच जाते, तेही मधल्या वळणावर.

एक भरवशाचा माणूस ट्रॉलीच्या मागून बाजूनं चालत पाहिजे, हातात लाकडी ठोकळा घेऊन. चालत म्हणजे डोंगराच्या अंगानं, ट्रॉलीच्या बरोबर मागं नाही. ट्रॅक्टर बंद पडला की त्यानं पळत जाऊन ट्रॉलीच्या चाकाखाली मागच्या बाजूनं ठोकळा टाकायचा, हात चाकाखाली न घालता, पायानं सरकवून. ठोकळा घरूनच न्या, तिरका कापलेला, बाभळीचा असंल तर उत्तम. दगडं गोल असतात, निसटतात. आणि कुणी दगड लावलेच तर निघताना ते रस्त्यावरून उचलून बाजूला टाकायचे, विसरायचं नाही. आपण लावलेला दगड रात्री मोटरसायकलवाल्याच्या पुढच्या चाकाखाली येतो, बिचारा घरी जात असतो.

आवळ वळणावर ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरपेक्षा आतून कापतात. म्हणून रस्ता मोकळा बघून, हॉर्न देऊन, ट्रॅक्टर जरा बाहेरून घ्यायचा आणि मग वळवायचा. अरुंद घाटात समोरून उतरणारी गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा नियमच आहे, तरी समोरचा थांबंलच असं धरून चालू नका. मागं गाड्यांची रांग लागली की रुंद जागा दिसली तिथं बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. वैतागलेला माणूस आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतो आणि मग सगळेच अडकतात.

पुढची चाकं हलकी वाटायला लागली, स्टेअरिंग फिरवून पण ट्रॅक्टर सरळच चालला, तर लगेच रेस कमी करा. तोंड उचललंच तर क्लच दाबा, तोंड खाली बसलं की दोन्ही ब्रेक, आणि मागच्या माणसाला हाक. ट्रॉली सोडून, सामान हलकं करून, दोन फेऱ्यांत न्या.

गरम काटा लाल पट्टीकडं गेला तर बाजूला घ्या, पण इंजिन लगेच बंद करू नका, कमी रेसवर चार-पाच मिनिटं चालू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं की वाफ तोंडावर येते, थंड होईस्तोवर हात लावायचा नाही.

माथ्यावर

चढून आल्यावर पोरं लगेच उताराला लागतात. थांबा. माथ्यावर दहा मिनिटं काढा. सगळ्या ट्रॉलीभोवती एक चक्कर, पिन, क्लिप, साखळी, दोर, टायर. ब्रेक दाबून बघा टणक आहेत का, पट्टी लावलेली आहे का. हात रेस पूर्ण खाली करा, ही गोष्ट विसरली जाते आणि मग उतारावर इंजिन धरायच्या ऐवजी ढकलतं. फोर व्हील ड्राइव्ह असंल तर उतारापुरता लावा, पुढची चाकं पण धरायला मदत करतात, सपाटीला आल्यावर काढा. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारा लॉक, रस्त्यावर लावायचाच नाही. गाणी बंद करा, टेप कितीही आवडता असला तरी. मागच्याची हाक, टायरचा आवाज, ब्रेकचं करकरणं सगळं कानानं ओळखायचं असतं.

आणि गिअर. ज्या गिअरनं हा घाट चढाल त्याच गिअरनं उतरायचा, किंवा एक खालचा. वरचा कधीच नाही.

उतरताना

पहिल्या सीझनला मी वीस वर्षांचा होतो. मार्चमध्ये परत येत होतो, धारूरचा घाट उतरायचा होता, ट्रॉलीत संसार, चुलता-चुलती अन् त्यांची दोन लेकरं पोत्यांवर बसलेली, दादा म्हणजे माझे वडील मडगार्डवर. मी हायचा तिसरा टाकून निघालो कारण वरचा रस्ता सपाट वाटत होता. पहिलं वळण गेलं अन् इंजिनचा आवाज चढायला लागला, मला वाटलं गिअर कमी करावा, म्हणून क्लच दाबला. दाबला अन् एकदम शांतता झाली. इंजिनचा आवाज खाली आला आणि ट्रॅक्टर मात्र पळायला लागला, मी दांडा ओढला तो न्यूट्रलला आला, परत टाकायला गेलो तर नुसतं कर्र कर्र, पडंना. मागं भांड्यांचा खणखणाट, शेळ्या ओरडायल्या, चुलतीनं लेकराला छातीशी दाबलेलं मला आरशात दिसलं. दादा ओरडले, "मपल्याकडं बघू नको, दोन्ही ब्रेक दाब अन् डोंगराला लाव, दरीकडं नाही, डोंगराला!" मी पूर्ण उभा राहून ब्रेकवर वजन टाकलं आणि डाव्या हाताच्या नालीत चाक घातलं. मडगार्ड दरडीला घासत घासत वीस-पंचवीस फुटांवर थांबलो. ब्रेकमधून निळा धूर निघत होता. कुणाला काही झालं नाही. दादा खाली उतरले, ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला आणि चुलतीला म्हणाले, लेकरं घे अन् चालत ये. त्या दिवसापासून आमच्या ट्रॉलीत अन् मडगार्डवर घाटात कुणी बसत नाही.

तेव्हा जे चुकलं ते सगळं सरळ नियमात सांगता येतं. उतारावर क्लच दाबायचा नाही, गाडी पूर्ण थांबवायची असंल तेवढंच. गिअर बदलायचा नाही, हाय-लोचा दांडा तर हातच लावायचा नाही. न्यूट्रल मारायचा नाही, डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलला सोडणारे आहेत, गिअरमध्ये रेस सोडलेली असताना इंजिन तसंही फार डिझेल पीत नाही अन् गाडी धरून ठेवतं ते वेगळं.

पायरेस पूर्ण सोडून इंजिनच्या धरावर येऊ द्या. आवाज चढत गेला तर दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा, आवाज उतरला की पूर्ण सोडा, परत चढला की परत दाबा. दाबायचं अन् सोडायचं. ब्रेक हलके हलके सतत धरून ठेवले की ते थंडच होत नाहीत, तापत तापत एका क्षणी पकड सोडतात, पेडल आहे पण गाडी थांबत नाही. दर मिनिटाला ब्रेक लागायला लागला म्हणजे गिअर वरचा पडलाय, सरळ जागा बघून पूर्ण थांबा, ठोकळे लावा, खालचा गिअर टाका, मग निघा.

वेग डबल झाला की थांबवायचा जोर डबल नाही, चौपट लागतो. १० ला जे ब्रेक मजेत थांबवतात ते २० ला जळतात. आणि वाचतं काय? ३ किलोमीटरचा उतार ८ च्या स्पीडनं साडेबावीस मिनिटात होतो, २० च्या स्पीडनं ९ मिनिटात. सहा महिने कोपीत राहायला चाललोय किंवा सहा महिन्यांनी घरी चाललोय, त्यात साडेतेरा मिनिटांनी काय होणार.

ब्रेक कायम वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात स्टेअरिंग वळलेलं असताना जोरात ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबतो पण ट्रॉली सरळच येते आणि ट्रॅक्टरला कमरेत मोडल्यासारखं आडवं करते. ट्रॉली बाजूनं पुढं यायला लागलीय असं वाटलं तर ब्रेक सोडा आणि ट्रॅक्टर तिच्यासमोर सरळ करा, भीतीनं अजून दाबाल तर ती पूर्ण फिरते. रस्त्यावर पाचट, माती, सांडलेलं डिझेल किंवा अवकाळीचा पहिला पाऊस असंल तर हे दुप्पट लक्षात ठेवा, शक्य असलं तर पाऊस थांबून रस्ता धुवून निघेपर्यंत घाटातच उतरू नका.

जळका वास आला किंवा पेडल खाली जायला लागलं तर पुढं बघू असं म्हणायचं नाही. डोंगराच्या बाजूनं जागा बघून थांबा, ठोकळे चाकांच्या पुढून लावा, पुढून बरं का, उतरताना गाडी पुढं जाते. मागं पन्नास पावलांवर एक माणूस लाल कापड घेऊन उभा करा. अर्धा तास बसा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

आणि खरंच ब्रेक गेले, गाडी ऐकतच नाही, तर गिअरमधून काढायची नाही, क्लचला हात-पाय काही नाही. हॉर्न दाबून धरा, दिवे लावा, आणि वेग वाढायच्या आत, म्हणजे पहिल्या काही सेकंदातच, डोंगराच्या अंगाला नालीत किंवा दरडीला घासत लावा. मातीचा ढीग दिसला तर त्यात. टायर फुटंल, मडगार्ड जाईल, दांडी वाकंल. नवीन घेता येतं.

खाली उतरल्यावर

पायथ्याला सपाट जागा आली की पुन्हा थांबा. ट्रॉलीच्या प्रत्येक हबजवळ हात न्या, लावायची गरज नाही, आच लांबूनच कळते. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असंल तर तिथलं बेअरिंग बसायला लागलंय, पुढच्या गावात उघडून बघा, तसंच रेटलं तर चाक निखळतं. पिन बघा, क्लिप बघा. फोर व्हील काढा. ठोकळे मोजून ट्रॉलीत टाका, एक जरी घाटात राहिला असंल तर माणूस पाठवून आणा.

मग घाटापुरतं जीपनं आलेल्या माणसांना हाक मारा, लेकरं मोजा, शेळ्यांना पाणी दाखवा, आणि वरती ठेवलेली दुसरी ट्रॉली आणायला ट्रॅक्टर मोकळा करून परत निघा, परत तोच गिअर, परत माथ्यावर दहा मिनिटं.